सहा सेकंद, दोन आठवडे

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्ले खेळाच्या नियमपुस्तकात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची धरली आहे. तेवढ्यात प्रत्येक पात्राने थोडं सरकायचं, एखादा वार करायचा, जमलं तर चार शब्द ओरडायचे. टेबलाभोवती बसलेले पाच-सहा जण ही फेरी पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. तोच खेळ लेखी, ज्याच्या-त्याच्या सवडीने खेळायला घेतला की त्याच सहा सेकंदांना दोन आठवडे लागू शकतात. हिशेब सरळ आहे. पाच खेळाडू आणि शत्रूंचे तीन गट, म्हणजे आठ टर्न. नियम म्हणतो, क्रमानेच खेळा. प्रत्येकाला दिवसाकाठी एकदाच निवांतपणे लिहायला मिळतं. त्यात एकाला ताप येतो, दुसरीच्या ऑफिसात मार्चअखेर असते, तिसऱ्याचा टर्न आलाय हे त्याच्या लक्षातच येत नाही. बाकीचे थांबतात. थांबता थांबता काय चाललं होतं तेच विसरतात. मग एक दिवस कोणीच काही लिहीत नाही, आणि खेळ संपलाय हेही कोणी कोणाला सांगत नाही.

लेखी रोलप्लेचे बहुतेक खेळ असेच थांबतात. कथा वाईट होती, खेळाडू नालायक होते, असं क्वचितच घडतं. कोणी गप्प झालं तर पुढे काय करायचं, हे आधी ठरलेलं नसतं. या खेळात मी खेळाडू म्हणून वावरलो आहे आणि गेम मास्टर म्हणूनही. माझं ठाम मत झालं आहे की लेखी खेळ सुरळीत चालवणं म्हणजे मुख्यतः गैरहजेरीची नीट व्यवस्था लावणं. उरलेल्या खुब्या त्यामागून येतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण गेम मास्टर होतो. तो जग उभं करतो, प्रसंग मांडतो, शत्रू-मित्र, वाटेत भेटणारे लोक सगळे तोच वठवतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ते पात्र काय करील, काय बोलेल ते ठरवतात. जिथे यश-अपयश दोन्ही शक्य असतं तिथे फासा निर्णय देतो. लेखी प्रकारात हे सगळं संदेशांतून होतं. आता बहुधा डिसकॉर्डवर, कधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. सगळ्यांनी एकाच वेळी हजर असायची गरज नसते, आणि माणसं या खेळाकडे येतात ती त्याचसाठी. माझ्या गटात रात्रपाळी करणारी परिचारिका आहे, दोन वर्षांच्या मुलाची आई आहे, डब्लिनला गेलेला पुण्याचा इंजिनिअर आहे आणि न्यू जर्सीत स्थिरावलेली त्याची आतेबहीण आहे. पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. या माणसांना आठवड्यातले चार तास एकत्र बसवणं केवळ अशक्य. रोजची दहा मिनिटं मात्र प्रत्येकाकडे असतात.

टपालाची शिकवण

दूर बसून, सवडीने खेळणं इंटरनेटच्या फार आधीपासून चालू आहे. १८२४ साली एडिंबरा आणि लंडन इथल्या बुद्धिबळ क्लबांनी पत्राने डाव मांडले. ती लढत १८२८ पर्यंत चालली आणि एडिंबराने जिंकली. ‘स्कॉच’ या नावाने आज ओळखली जाणारी सुरुवात त्याच लढतीमुळे रूढ झाली. पुढे पत्रबुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा त्यांच्या नियमांत अमुक चालींना अमुक दिवस अशी मुदत आली, आणि खेळाडूला हक्काची रजाही मिळाली. स्पर्धा कडवी असली तरी माणूस आजारी पडतो, गावाला जातो, हे नियम करणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं.

आपल्या विषयाला याहून जवळचा पूर्वज म्हणजे ‘डिप्लोमसी’. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने १९५४ मध्ये हा खेळ रचला. प्रकाशकांनी नकार दिल्यावर १९५९ मध्ये त्याने स्वखर्चाने पाचशे प्रती काढल्या. १९०१ सालचा युरोप, सात सत्ता, फासे अजिबात नाहीत. आधी वाटाघाटी करायच्या, मग सगळ्यांनी आपापले हुकूम कागदावर लिहून एकदम उघडायचे. लिहून एकदम उघडायचे, म्हणजे टपालासाठी याहून सोयीचा खेळ नाही. न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन यांनी १९६३ मध्ये ‘ग्राउस्टार्क’ नावाचं पत्रक काढून टपालाने डिप्लोमसी खेळवायला सुरुवात केली आणि बघता बघता अशी पत्रकं ठिकठिकाणी निघू लागली. स्वतः कॅलहॅमर पुढे इलिनॉय राज्यात टपाल वाटपाचंच काम करत होते.

या पत्रकांच्या चालकांना पहिल्या काही डावांतच कळून चुकलं की सात माणसांची पत्रं ठरलेल्या तारखेला येणं दुर्मीळ. म्हणून तीन गोष्टी रूढ झाल्या. एक, अंतिम तारीख आधी जाहीर करायची आणि ती पाळायची. दोन, ज्याचे हुकूम आले नाहीत त्याच्या फौजा जागच्या जागी उभ्या राहतील. बाकीच्यांचा खेळ थांबणार नाही. तीन, राखीव खेळाडूंची यादी तयार ठेवायची आणि कोणी सतत गप्प राहिला तर त्याची सत्ता त्यातल्या एकाकडे सोपवायची. आजचा कुठलाही लेखी खेळ निरखून पाहा. तो चालला असेल तर यातलं काहीतरी त्यात सापडतंच.

फाशांचा प्रश्नही टपालवाल्यांनी सोडवला होता. समोरचा माणूस दिसत नसताना सहा पडल्याचं तो सांगतो, ते कशावरून खरं मानायचं? ‘ॲव्हलॉन हिल’ या कंपनीच्या युद्धखेळांत त्यावर नामी तोड होती. खेळाडूने आधीच शेअर बाजारातला एखादा समभाग आणि पुढची एखादी तारीख लिहून कळवायची. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्या समभागाच्या उलाढालीचा जो आकडा छापून येईल, त्यातला शेवटचा अंक म्हणजे फासा. दोघेही आपापल्या गावी तोच पेपर उघडून खात्री करून घेत. आता हे काम डिसकॉर्डवर ‘अव्रे’सारखा बॉट करतो. फासा सगळ्यांदेखत पडतो, नोंद राहते, शंकेला जागा उरत नाही.

१९७० च्या सुमारास रिक लूमिस यांनी ‘न्यूक्लिअर डिस्ट्रक्शन’ हा टपाली खेळ सुरू केला, नंतर ‘फ्लाइंग बफेलो’ ही कंपनी काढली आणि खेळाडूंच्या चालींचा हिशेब कॉम्प्युटरकडे दिला. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आलं. टपाली खेळांची शिस्त आणि रोलप्लेची मोकळीक यांची गाठ पडली, ती त्यानंतरच्या काळात.

सुरुवातीलाच सगळं बोलून घ्या

खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीला खेळाडू ‘सेशन झीरो’ म्हणतात. लेखी खेळात ती टाळली तर पुढे हमखास पस्तावायला होतं. कथा कुठे घडते, पात्रं कोण, एवढं तर ठरवायचंच. पण खरे मुद्दे वेगळेच आहेत. किती दिवसांनी एक पोस्ट? आमच्याकडे दोन दिवसांत किमान एक, शनिवार-रविवार सुट्टी, असा दर आहे. दर कमी ठेवलेला परवडतो. रोज लिहायचं कबूल करून आठवड्यातून एकदा लिहिण्यापेक्षा आठवड्यातून दोनदाच म्हणा आणि ते पाळा. मुदत कुठल्या घड्याळाची? आम्ही सगळ्या मुदती भारतीय वेळेत लिहितो, म्हणजे न्यू जर्सीत घड्याळ तासभर पुढे-मागे झालं तरी घोळ होत नाही. कुठले विषय खेळात अजिबात नकोत, आणि कुठले आले तरी तपशिलात शिरायचं नाही? टेबलावर कोणाचा चेहरा पडला तर लगेच दिसतं. लेखी खेळात तो दिसत नाही. वाचणारी व्यक्ती नुसती गप्प होते आणि आपल्याला वाटतं ती कामात असेल. म्हणून हे आधी विचारायलाच हवं.

आणि कथा लहान घ्या. नवा गेम मास्टर बहुधा राज्यांच्या उदयास्ताची कल्पना घेऊन येतो. टेबलावर एका संध्याकाळी जेवढं घडतं, तेवढ्याला लेखी खेळात दोन-तीन महिने सहज लागतात. एक चौकी, एक गाव, एक रात्र, एक प्रश्न आणि त्याचं उत्तर, एवढं ठरवून सुरुवात करावी. ते पूर्ण झालं आणि उत्साह टिकून असला तर दुसरा भाग आहेच.

मराठीत खेळू पाहणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. श्रेय देऊन ते भाषांतरित करायला, आपल्या मुलखाला साजेसे बदलायला कोणाची आडकाठी नाही. आमचा खेळ सह्याद्रीतल्या एका काल्पनिक घाटात चालतो. आमच्यात वैदू सगुणा आहे, पाथरवट भिवा आहे, बहुरूपी शिदू आहे, तांड्याबरोबर आलेली रामी आहे आणि फौजेतून पळालेला येसाजी आहे. नियम तेच, जग आपलं.

एक पोस्ट, दोन प्रकारे

गेम मास्टरचं कसब दिसतं ते पोस्टच्या शेवटच्या दोन ओळींत. हा एक नमुना पाहा:

‘तुम्ही घाटातल्या चौकीपाशी पोचलात. दार उघडं आहे. आत अंधार आहे. काय करता?’

टेबलावर हे वाक्य उत्तम आहे. पाच जण एकदम बोलायला लागतात. लेखी खेळात ते घातक ठरतं. पाचही जण ते वाचतात आणि दुसरं कोणीतरी आधी आत शिरेल म्हणून थांबतात. तिसऱ्या दिवशी शिदू लिहितो, ‘मी हळूच डोकावतो.’ गेम मास्टर म्हणतो, ‘पर्सेप्शनचा रोल कर,’ म्हणजे काय नजरेस पडतं ते ठरवायला फासा टाक. पुढच्या दिवशी रोल येतो. त्याच्या पुढच्या दिवशी कळतं की आत एक चूल आहे. आठवडा गेला, आणि अजून उंबरा कोणी ओलांडलेला नाही.

आता तोच प्रसंग असा मांडून पाहा:

‘चौकीचं दार उघडं आहे, आतली कडी तुटून लोंबतेय. चुलीत निखारे आहेत, पण माणसांची चाहूल नाही. सगुणा, उंबऱ्यावरचं रक्त तुला ताजं वाटतंय. काहीतरी परसाकडे ओढत नेलंय. भिवा, भिंतीतला एक चिरा कोणीतरी नुकताच काढून परत बसवलाय, हे तुझ्या नजरेतून सुटत नाही. येसाजी, खुंटीवरचा पट्टा तुझ्याच पलटणीचा आहे. शिदू, रामी, कोठीच्या दाराला बाहेरून कुलूप आहे आणि आत कोणीतरी खोकतंय. आधी परसाकडे जायचं की कोठी उघडायची? गुरुवारी रात्री दहापर्यंत वेगळं काही आलं नाही, तर कोठी उघडलीत असं धरून पुढे जातो. कुलपासाठी १४ किंवा जास्त लागतील. फासा पोस्टबरोबरच टाका.’

इथे प्रत्येकाला स्वतःचं असं काहीतरी मिळालं आहे. भिवाला चिरा दिसला तो फासा न टाकता, कारण पात्राला सहज किती दिसतं, ती क्षमता नियमांत आधीच दिलेली असते: १० अधिक त्या कौशल्याचा आकडा. गेम मास्टरने तो स्वतःच्या वहीत लिहून ठेवला की विचारपूस वाचते. कुलपासाठी किती लागतील हे आधीच सांगितल्याने खेळाडू फासा टाकून निकालासकट लिहू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कोणीच काही लिहिलं नाही तरी गुरुवारी रात्री दहानंतर गोष्ट पुढे जाणार आहे. ‘नाहीतर असं धरतो’ हे छोटं वाक्य दर निर्णयाखाली लिहा. माझ्या अनुभवात याहून उपयोगी नियम नाही.

खेळाडूंचीही बाजू आहे. ‘मी बघत राहते’ या पोस्टने कोणाच्या हाती काही लागत नाही. पात्र काय करतं, काय बोलतं आणि दुसऱ्या कोणाला त्यात ओढतं, या तिन्ही गोष्टी चार ओळींत मावतात. रामीने कुलपाला हात घालताना येसाजीला विचारलं, ‘हा पट्टा बघून तुझा चेहरा का उतरला?’ त्या एका प्रश्नावर पुढे दोघांचा संवाद आठवडाभर रंगला आणि मला फार काही करावं लागलं नाही. मात्र येसाजीने काय उत्तर दिलं, ते रामी लिहीत नाही. दुसऱ्याचं पात्र दुसऱ्याच्या ताब्यात, हा नियम मोडला की वाद ठरलेला.

लढाई

आता त्या दोन आठवड्यांच्या सहा सेकंदांकडे वळतो. नियमाप्रमाणे प्रत्येक जण वीस बाजूंचा फासा टाकून आपला क्रम ठरवतो आणि खेळाडू-शत्रू मिसळून ओळ लागते. लेखी खेळात ही ओळ मोडावी. शत्रूंचा मिळून एकच क्रम ठेवायचा. ज्यांचा फासा त्याच्या वर गेला ते आधी खेळतात, मग शत्रू, आणि तिथून पुढे सगळे खेळाडू एक तुकडी. तुकडीतल्या कोणीही, कुठल्याही क्रमाने, ४८ तासांत आपला टर्न लिहायचा. मुदत संपली की गेम मास्टर सगळ्या शत्रूंचे टर्न एका पोस्टमध्ये लिहितो.

दुसरं, आकडे लपवू नका. समोर साधे लुटारू असतील तर नियमपुस्तकानुसार त्यांचा बचाव १२ आणि प्राणशक्ती ११. हे सांगितलं की खेळाडू स्वतः फासा टाकतो, वार लागला का ते बघतो, आणि लुटारू पडला असेल तर तो कसा पडला तेही लिहितो. विचारणं, थांबणं, उत्तर येणं, यातले दोन दिवस वाचतात. वर वर्णनाचा मान खेळाडूला मिळतो.

तिसरं, ‘जर-तर’ आधीच लिहून ठेवा. शत्रूच्या टर्नमध्ये वापरायच्या काही शक्ती असतात, उदाहरणार्थ बचाव ५ ने वाढवणारा ढालीचा मंत्र. टेबलावर खेळाडू ओरडून सांगतो. इथे त्याने आपल्या पोस्टखाली लिहून ठेवावं: ‘वार लागत असेल आणि मंत्राने चुकत असेल, तर वापर.’ या तीन गोष्टींनी आमची फेरी तीन दिवसांत संपू लागली. तीन दिवस कथा वाचणाऱ्याच्या मनात ताजी राहते. दोन आठवडे राहत नाही.

जो लिहीत नाही, त्याचं काय?

आता मुख्य मुद्दा. गप्प होणारे खेळाडू बेजबाबदार असतात, हा समज आधी काढून टाकावा. बहुतेक वेळा घडतं ते असं: दोन दिवस जमलं नाही, त्याची लाज वाटली, लाजेमुळे आणखी दोन दिवस गेले, आता एवढ्या उशिराने लिहायचं तर काहीतरी जोरदार लिहायला हवं असं वाटलं, आणि तेही जमलं नाही. अशा माणसाला ग्रुपवर सगळ्यांदेखत टोकलं तर तो कायमचा जातो. त्याला खासगीत लिहावं, आणि लिहिताना परत यायची वाट सोपी करून द्यावी. मी माझ्या एका खेळाडूला असा निरोप पाठवला होता: ‘अगं, सवड मिळाली की ये. घाई नाही. तोवर सगुणा त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याजवळ काढा करत बसली आहे असं लिहितो. आलीस की तो तुला काहीतरी सांगेल.’ आठवडाभराने ती आली, तेव्हा तिला माफी मागावी लागली नाही आणि मागचे चाळीस संदेशही वाचावे लागले नाहीत. काढा तयार होता आणि म्हातारा बोलायला लागला होता.

यामागे तीन नियम आहेत, आणि ते सुरुवातीलाच सगळ्यांना माहीत असावेत. रजा सांगून घेतली तर कारण विचारायचं नाही. मुदत उलटली तर गेम मास्टर ते पात्र चालवील, पण सावधपणे: मागे राहील, बचाव करील, आपली मौल्यवान वस्तू खर्च करणार नाही. आणि गैरहजर खेळाडूचं पात्र मारायचं नाही, कधीच नाही. हे तिसरं वचन दिलं की माणसं निर्धास्त होतात, आणि निर्धास्त माणसं परत येतात.

महिना झाला तरी कोणी आलंच नाही, तर त्या पात्राला कथेतच मानाने निरोप द्यावा. ते तांड्याबरोबर पुढे गेलं, पलटणीत परतलं, असं काहीतरी. मेलं म्हणू नये. त्या जागी नवा माणूस घ्यावा. डिप्लोमसीवाल्यांच्या राखीव यादीचं महत्त्व इथे पटतं.

गेम मास्टरही माणूसच असतो, आणि त्याचं गप्प होणं सगळ्यात महागात पडतं. एक खेळाडू गेला तर खेळ लंगडतो; गेम मास्टर गेला तर बसतो. म्हणून त्यानेही आपली रजा जाहीर करावी. प्रत्येक पोस्ट ललित लेखासारखी घोटायचा मोह आवरावा; मुदतीत आलेली पाच ओळींची पोस्ट उशिराने आलेल्या पाच परिच्छेदांपेक्षा मोलाची. कोण कुठे आहे, कोणाला काय माहीत आहे, पुढे काय ठरलं आहे, याची टिपणं अशी ठेवावीत की वेळ पडल्यास दुसऱ्याला डाव हातात घेता येईल. आणि खेळातलं लिखाण व खेळाबाहेरच्या गप्पा यांची दालनं वेगळी असावीत. एकाच ठिकाणी वाढदिवसाच्या शुभेच्छा, नियमांवरचे वाद आणि रामीचा संवाद असला की रामी त्यात हरवते.

शेवट करावाच

हा खेळ फळतो कशाने, हेही सांगायला हवं. बोलताना अडखळणारी माणसं इथे बहरतात, कारण उत्तर द्यायला रात्रभर वेळ असतो. शाळा सुटल्यावर निबंधही न लिहिलेली माणसं मराठीत पानंच्या पानं लिहितात, तीही कोणीतरी उत्सुकतेने वाचणार आहे या खात्रीने. आमच्यातली एक जण सुरुवातीला रोमन लिपीत दोन ओळी टाकत असे. आता ती देवनागरीत लिहिते आणि रामीच्या तोंडी घालायला आजीकडून ओव्या-म्हणी विचारून आणते. सगळी गोष्ट लिहून झालेली असते, त्यामुळे ती मागे जाऊन वाचता येते, एखाद्याला दाखवता येते. टेबलावरचा खेळ कितीही रंगला तरी त्याला हे भाग्य नाही.

म्हणूनच तो पूर्ण करण्याची जबाबदारी मोठी आहे. शेवट जवळ आला की तसं आधी सांगावं: अजून तीन प्रसंग, मग समारोप. खेळाडू मरगळले असतील आणि कथा अर्धी असेल, तर ती छोटी करून संपवावी. विझू देऊ नये. आणि शेवटची पोस्ट गेम मास्टरने लिहू नये. प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राचं पुढे काय झालं ते स्वतः लिहावं, त्यासाठी पुरेशी मुदत द्यावी, आणि मधूनच निघून गेलेल्यांनाही त्यासाठी बोलवावं. मी बोलावलं, तेव्हा ते आले. गेले होते त्यांनाही आपल्या माणसाचं काय झालं हे जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगण्याचा हक्क अजून आपलाच आहे हे कळल्यावर त्यांनी मनापासून लिहिलं. नियम, मुदती, राखीव खेळाडू, ‘नाहीतर असं धरतो’ हे सगळं करायचं ते याचसाठी: ज्यांनी मिळून गोष्ट सुरू केली, त्यांना ती मिळून संपवता यावी.